जमिनीचें नाणें

इ. स. १६९० च्या अखेरीस बोस्टन बंदरांत कांहीं जहाजें परत आलीं. त्यांवरील शिपाई फ्रेंचांचें क्वेबेक शहर जिंकण्यासाठीं गेले होते. सर विल्यम फिप्स यांच्या हाताखालीं निघालेल्या या मोहिमेचा सारा हिशेब एकाच आशेवर बांधलेला होता : लूट मिळेल आणि त्या लुटींतून शिपायांचे पगार भागतील. क्वेबेक पडलें नाहीं, लूट मिळाली नाहीं, आणि थंडीनें व देवीच्या सांथीनें गांजलेलीं माणसें पगार मागत किनाऱ्यावर उतरलीं. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या तिजोरींत त्यांना देण्यास कांहीं नव्हतें. तेव्हां वसाहतीच्या सभेनें त्या डिसेंबर महिन्यांत प्रथम सात हजार पाउंडांच्या नोटा काढल्या. जो कोणी ही नोट सरकारी भरण्यांत आणील त्याच्याकडून ती नाण्याप्रमाणें स्वीकारली जाईल, एवढाच तिला आधार होता.

पाश्चात्त्य जगांत सरकारनें काढलेल्या अगदीं आरंभींच्या कागदी पैशांपैकीं हा एक होय. चीनमध्यें असा पैसा कित्येक शतकें आधीं चालून बंदही पडला होता. परंतु बोस्टनच्या सभासदांपुढें तें उदाहरण नव्हतें, त्यांच्यापुढें फक्त दारांत उभे असलेले शिपाई होते. बाजारांत या नोटा पुऱ्या भावानें चालेनात. पुष्कळ शिपायांनीं त्या मोठा बट्टा सोसून व्यापाऱ्यांना विकल्या, आणि व्यापाऱ्यांनीं त्याच नोटा करापोटीं पुऱ्या किंमतीनें भरल्या. हा व्यवहार लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण बरोबर शंभर वर्षांनीं तोच प्रश्न एका नव्या राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेपुढें यावयाचा होता.

अमेरिकेंतील इंग्रज वसाहती त्या काळीं धान्य, लांकूड, मासे, तंबाखू यांनीं समृद्ध होत्या. दुष्काळ होता तो नाण्याचा. सोन्यारुप्याच्या खाणी त्यांना सांपडल्या नव्हत्या. वेस्ट इंडीज बेटांशीं व्यापार करून जे स्पॅनिश डॉलर हातीं येत, ते कापड, हत्यारें व खिळे यांच्या किंमतीपोटीं लंडनच्या व्यापाऱ्यांकडे निघून जात. मॅसॅच्युसेट्सनें १६५२ सालीं स्वतःची टांकसाळ घातली आणि पाइन वृक्षाचा छाप असलेले शिलिंग पाडले. परंतु नाणें पाडणें हा राजाचा अधिकार, त्यामुळें ती दरबाराच्या डोळ्यांत खुपत राहिली आणि सुमारें तीस वर्षांनीं बंद पडली. न्यू इंग्लंडांत शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा कांहीं वर्षें कायदेशीर चलन म्हणून चालल्या. आपल्याकडील कवड्यांची येथें सहज आठवण होते. व्हर्जिनियांत तर तंबाखू हेंच चलन होतें, आणि तेथील धर्मोपदेशकाचा वार्षिक पगारसुद्धां तंबाखूच्या वजनांत ठरलेला असे.

युरोपांतील राजनीतिज्ञांचें त्या काळचें सर्वसाधारण मत असें कीं, राष्ट्राचें धन म्हणजे त्याच्याजवळील सोनें आणि रुपें. या मापानें मोजलें तर या वसाहती भिकारी ठरत होत्या. प्रत्यक्षांत मात्र तेथील मजुराला इंग्लंडांतील मजुरापेक्षां अधिक मजुरी मिळे, तो कांहीं वर्षांत पैसा सांठवून स्वतःची जमीन घेई, आणि त्याचीं मुलेंबाळें पोटभर जेवत. तेव्हां धन म्हणजे काय हा प्रश्न तेथें पंडितांच्या वादापुरता राहिला नाहीं. शेतकरी, सुतार आणि छापखानेवाले त्यावर हिरिरीनें बोलूं लागले.

त्या छापखानेवाल्यांपैकीं एक बेंजामिन फ्रँकलिन. इ. स. १७२३ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो बोस्टनहून पळून फिलाडेल्फियास आला, तेव्हां चांगल्या वस्तींतील घरांच्या दारांवर ‘भाड्यानें देणें आहे’ अशा पाट्या त्यानें पाहिल्या. लोक एकामागून एक शहर सोडून चालले आहेत असें त्याला वाटलें. व्यापार बसला होता, आणि देणें घेणें भागविण्यास नाणें नव्हतें. त्याच वर्षीं पेनसिल्व्हानियाच्या सभेनें एक कर्जकचेरी उघडली होती. या कचेरीची रीत साधी होती. ज्याच्याजवळ जमीन किंवा घर आहे त्यानें तें सरकारकडे गहाण ठेवावें; त्याच्या किंमतीच्या सुमारें निम्म्यापर्यंत नव्या नोटा कर्जाऊ घ्याव्या; आणि शेंकडा पांच व्याजानें, वर्षांच्या हप्त्यांनीं, त्या फेडाव्या. एकाच बड्या माणसानें सारी रक्कम उचलूं नये म्हणून प्रत्येकाच्या कर्जाला मर्यादा घातली होती. फेडींत परत आलेल्या नोटा रद्द केल्या जात. पुढील कायद्यांनीं त्या पुन्हा कर्जाऊ देण्याचीही सोय झाली.

एखादा शेतकरी कल्पनेपुढें आणावा. त्याच्याजवळ दीडशें एकर जमीन आहे, पण अर्ध्या जमिनीवर अजून रान आहे. रान तोडण्यास माणसें हवींत, नांगर हवा, बैल हवेत. शेजारच्या लोहाराला काम हवें आहे, मजुराला मजुरी हवी आहे. पण देवघेवीला नाणें नसल्यामुळें सारेच हात बांधून बसले आहेत. कर्जकचेरीची नोट हातीं येतांच नांगर घडतो, रान तुटतें, लोहार त्याच नोटेनें दुसऱ्या शेतकऱ्याचें धान्य घेतो, आणि पीक आल्यावर हप्ता कचेरींत परत जातो. नोटेच्या पाठीशीं सोनें नाहीं, पण गहाण पडलेली जमीन आहे. आणि मध्यंतरीं त्या जमिनीचें मोल वाढलें आहे. शिवाय व्याज सरकारच्या पदरीं पडत असल्यामुळें करांचा भार तितका हलका होतो. ही युक्ति कोणा एकाच्या डोक्यांतून निघाली नव्हती. तिच्यामागचा विचार सर्वांत स्पष्टपणें मांडण्याचें श्रेय मात्र फ्रँकलिनकडे जातें.

इ. स. १७२९ त पुन्हा चणचण भासूं लागली. पूर्वींच्या नोटांपैकीं बऱ्याच परत येऊन रद्द झाल्या होत्या, आणि नव्या काढाव्यात अशी मागणी सामान्य लोकांतून उठली. धनिकांचा तीस विरोध होता. फ्रँकलिन या वेळीं तेवीस वर्षांचा, नुकताच भागीदारींत छापखाना घालून बसलेला कर्जबाजारी तरुण होता. त्याच्या मित्रमंडळांत या प्रश्नावर वाद झाला. त्यांत त्यानें नव्या नोटांची बाजू घेतली, आणि ३ एप्रिल १७२९ रोजीं कागदी चलनाचें स्वरूप व आवश्यकता यांविषयीं एक लहानशी पुस्तिका स्वतःचें नांव न घालतां प्रसिद्ध केली.

पुस्तिकेचा आरंभ व्यवहारी आहे. चलन अपुरें पडलें म्हणजे व्याज चढतें. मग ज्याच्याजवळ पैसा आहे तो धंद्यांत घालण्याऐवजीं व्याजीं लावतो, जमिनीला भाव येत नाहीं, कारागीर गांव सोडून जातात, आणि इंग्लंडच्या मालावरच देश अवलंबून राहतो. नोटांना विरोध कोण करतात हेंही त्यानें भीड न ठेवतां सांगितलें आहे : सावकार, स्वस्तांत जमिनी घेऊं पाहणारे श्रीमंत, आणि कोर्टाच्या कामावर पोट भरणारे वकील. तरुण लेखकाची ही चिमटे घेण्याची हौस पुढें म्हातारपणींही गेली नाहीं.

नंतरचा भाग अधिक खोल आहे. सोनें आणि रुपें यांचें मोल स्वतःच बदलतें, म्हणून त्यांनीं इतर वस्तूंचें मोल मोजणें म्हणजे आखडणाऱ्या व ताणणाऱ्या दोरीनें शेत मोजणें होय, हा त्याच्या विचाराचा आशय आहे. मग खरें माप कोणतें? तो म्हणतो, श्रम. एक मनुष्य धान्य पिकविण्यांत जितके दिवस राबतो तितकेच दिवस दुसरा खाणींतून रुपें काढण्यांत राबला, तर खर्चवेंच वजा जातां जें धान्य आणि जें रुपें उरेल तें एकमेकांच्या बरोबरीचें. उद्यां अधिक सोपी खाण सांपडली आणि तितक्याच श्रमांत दुप्पट रुपें निघूं लागलें, तर धान्य तेंच राहून त्याचा रुप्यांतला भाव दुप्पट होईल. यासाठीं देशाचें धन मोजावयाचें तर तेथील लोकांना किती श्रम विकत घेतां येतात यावरून मोजावें. हें उदाहरण फ्रँकलिनचें स्वतःचें नव्हे. इंग्रज ग्रंथकार सर विल्यम पेटी याच्या १६६२ च्या ग्रंथांत तें सांपडतें, आणि फ्रँकलिननें पेटीचें नांवही घेतलेलें नाहीं. तथापि ॲडम स्मिथच्या आधीं सत्तेचाळीस वर्षें एका वसाहतींतल्या छापखानेवाल्यानें ही गोष्ट बाजारांतल्या माणसाला समजेल अशा भाषेंत लिहिली, याचें कार्ल मार्क्सलाही कौतुक वाटलें. १८५९ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें फ्रँकलिनची आवर्जून दखल घेतली आहे.

जमिनीच्या तारणावर काढलेल्या नोटा म्हणजे नाण्याच्या रूपांत पाडलेली जमीनच, असें फ्रँकलिनचें म्हणणें होतें. अशा नोटा गरजेपेक्षां अधिक होणारच नाहींत, कारण त्या फार झाल्या व स्वस्त झाल्या तर कर्जदार स्वस्त नोटा मिळवून आपली जमीन सोडवून घेतील आणि नोटा आपोआप कमी होतील, अशीही त्याची खात्री होती. त्याच्या युक्तिवादाचा हा सर्वांत कच्चा दुवा होय. जमीन गहाण असली म्हणजे एकेका कर्जदाराची फेड सुरक्षित होते. पण सभेनें एकंदर किती नोटा काढाव्या हें जमीन सांगत नाहीं. तें सभेच्या संयमावर अवलंबून असतें.

सभेनें अखेर नोटा काढल्या, आणि त्या छापण्याचें किफायतशीर काम फ्रँकलिनला मिळालें. हें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. तें काम त्यानें नेकीनें केलें हेंही खरें. खोट्या नोटा पाडणाऱ्यांना आळा बसावा म्हणून त्यानें पुढें झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा धातूंत उतरवून तो नोटेवर छापण्याची युक्ति काढली. पानाच्या शिरांचें जाळें कोणत्याही कोरक्याला हुबेहूब साधणारें नव्हतें.

पेनसिल्व्हानियाची सभा संयमी निघाली. ॲडम स्मिथ कागदी पैशाचा फारसा मित्र नव्हता; पण १७७६ च्या आपल्या ग्रंथांत त्यानेंही या वसाहतीच्या नोटा इतर वसाहतींच्या मानानें बेतानें काढल्या गेल्या आणि त्यांचें मोल टिकून राहिलें असें म्हटलें जातें, याची नोंद केली आहे. ऱ्होड आयलंड व मॅसॅच्युसेट्स येथें असा संयम राहिला नाहीं. बोस्टनमध्यें विल्यम डग्लस नांवाचा एक तिखट स्वभावाचा डॉक्टर या नोटांविरुद्ध वर्षानुवर्षें लिहीत होता. १७२१ च्या सांथींत देवी टोंचण्याच्या नव्या प्रथेला त्यानें कडाडून विरोध केला होता आणि त्या वादांत तो चुकला होता. पण नोटांच्या बाबतींत त्याचें निदान बरेंच बरोबर ठरलें. नोटेची किंमत उतरली म्हणजे ऋणकोचा फायदा होतो आणि ज्यांचें उत्पन्न ठराविक, त्या विधवा, पोरकीं मुलें व पगारदार माणसें नाडलीं जातात, हें त्यानें दाखवून दिलें. मॅसॅच्युसेट्सच्या नोटांचें मोल १७४९ पर्यंत रुप्याच्या मानानें सुमारें एकदशांश झालें, आणि इंग्लंडकडून युद्धखर्चापोटीं आलेल्या रुप्यानें त्या विकत घेऊन रद्द कराव्या लागल्या.

फ्रँकलिन आणि डग्लस या दोघांनींही एक प्रश्न विचारला नाहीं. नोटेला तारण म्हणून जी जमीन ठेवली जात होती, ती आली कोठून? १७३७ सालीं पेनसिल्व्हानियाच्या मालक पेन घराण्यानें लेनापे लोकांशीं एक व्यवहार केला. माणूस दीड दिवसांत जितकें अंतर चालेल तितकी जमीन, असा करार असल्याचें सांगण्यांत आलें. आणि मग आधीं वाट साफ करून, निवडक धांवपटू सोडून, लेनाप्यांच्या कल्पनेच्या कित्येक पट प्रदेश ताब्यांत घेतला गेला. ज्या श्रमानें फ्रँकलिन धन मोजत होता, त्यांतही गुलामांचे श्रम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत. इ. स. १७५१ मध्यें लोकसंख्येच्या वाढीवर त्यानें लिहिलेल्या निबंधांत त्यानें गुलामाची किंमत, त्यावरील व्याज, आजार व मृत्यूचा धोका, देखरेखीचा खर्च यांचा हिशेब मांडून गुलामी महाग पडते असें दाखविलें. हिशेब होता, करुणा फारशी नव्हती. करुणा पुढें आली. १७९० सालीं, मरणापूर्वीं दोन महिने, गुलामगिरीच्या विरुद्ध काँग्रेसकडे गेलेल्या अर्जावर संस्थेचा अध्यक्ष म्हणून त्याचीच सही होती.

त्या १७५१ च्या निबंधाचें महत्त्व निराळेंही आहे. जेथें जमीन मुबलक तेथें लग्नें लौकर होतात व कुटुंबें मोठीं होतात, म्हणून अमेरिकेची लोकसंख्या वीस-पंचवीस वर्षांत दुप्पट होत जाईल, हें त्याचें अनुमान पुढें माल्थसनें आपल्या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ घेतलें. गंमत अशी कीं, एकाच आंकड्यांत फ्रँकलिनला भरभराट दिसली आणि माल्थसला उपासमार.

लंडनच्या पार्लमेंटला या नोटा रुचल्या नाहींत. त्यांत कर्ज वसूल करणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांचें भय होतें, आणि तें अगदींच निराधार नव्हतें. १७५१ सालीं न्यू इंग्लंडवर व १७६४ सालीं इतर वसाहतींवर निर्बंध घालण्यांत आले. १७६६ त कॉमन्स सभेपुढें फ्रँकलिनची साक्ष झाली, तेव्हां पार्लमेंटविषयींचा आदर कां कमी झाला याच्या कारणांत त्यानें कागदी पैशाच्या मनाईचाही समावेश केला. लवकरच प्रकरण युद्धावर गेलें. कर बसविण्याचा अधिकार नसलेल्या काँग्रेसनें जून १७७५ पासून नोटांवरच युद्ध चालविलें. १७७९ च्या अखेरीस सुमारें वीस कोटी डॉलरच्या नोटा बाहेर पडल्या होत्या. या नोटांच्या पाठीशीं गहाण जमीन नव्हती, ठराविक हप्ता नव्हता, कराची हमी नव्हती. मार्च १७८० मध्यें काँग्रेसनेंच चाळीस नोटांस एक रुप्याचा डॉलर असा भाव मान्य केला, आणि निरुपयोगी वस्तूला ‘काँटिनेंटल’ म्हणण्याचा प्रघात अमेरिकन बोलींत रूढ झाला. फ्रँकलिन यावर शांतपणें म्हणे कीं, उतरत जाणारी नोट म्हणजे एक हळूहळू बसणारा करच होय. विचार म्हणून हें बरोबर आहे. पण तो कर कोणावर किती बसतो, हें ज्याच्या पेटींत नोटा पडून राहिल्या त्यालाच ठाऊक.

इ. स. १७८९ त अलेक्झांडर हॅमिल्टन नव्या संघराज्याचा पहिला अर्थमंत्री झाला. जानेवारी १७९० च्या अहवालांत त्यानें युद्धाचें सारें कर्ज, प्रांतांच्या कर्जासह, संघानें आपल्या शिरावर घ्यावें व रोख्यांची दर्शनी किंमत मान्य करावी अशी सूचना केली. त्याचा मूळ विचार फ्रँकलिनच्या विचाराचाच पुढचा टप्पा होता. ज्या रोख्याचें व्याज वेळेवर मिळतें तो रोखा स्वतःच पैशासारखा फिरतो आणि भांडवलाचें काम करतो. जमिनीच्या जागीं येथें सरकारची पत तारण झाली होती.

परंतु रोखे कोणाच्या हातांत होते? पगाराऐवजीं ते मिळालेल्या शिपायांनीं पोटासाठीं ते डॉलरला दहा-वीस सेंट अशा भावानें विकून टाकले होते. जेम्स मॅडिसननें सभागृहांत सूचना मांडली कीं, आजच्या धारकांना बाजारांतील सर्वांत चढा भाव द्यावा आणि उरलेली रक्कम मूळच्या शिपायांना द्यावी. हॅमिल्टनचें उत्तर कठोर पण सुसंगत होतें. ज्यानें रोखा विकला त्यानें स्वेच्छेनें विकला. ज्यानें घेतला त्यानें धोका पत्करला. आणि विकलेल्या रोख्याचा हक्क सरकार मागाहून वांटूं लागलें तर पुढें कोणीही सरकारी कागद निःशंकपणें विकत घेणार नाहीं. २२ फेब्रुवारी १७९० रोजीं मॅडिसनची सूचना छत्तीस विरुद्ध तेरा मतांनीं फेंटाळली गेली. संघराज्याची पत बसली. शिपायांना कांहीं मिळालें नाहीं.

डिसेंबर १७९१ च्या कारखानदारीवरील अहवालांत हॅमिल्टननें शेतीच काय ती खरें धन उत्पन्न करते हें मत खोडून काढलें. यंत्रें, श्रमविभाग, बाहेरून येणारे कारागीर, निरनिराळ्या बुद्धीला मिळणारा निरनिराळा वाव आणि शेतमालाला घरचें गिऱ्हाईक, अशीं त्याचीं कारणें होतीं. त्यांतच इंग्लंडच्या कापडगिरण्यांत सातांतले जवळजवळ चार कामगार स्त्रिया व मुलें आहेत, हें त्यानें फायदा म्हणून नोंदविलें आहे. तें वाक्य वाचतांना आजचा वाचक थबकतो. कारखाने युरोपांतच राहूं द्यावेत असें लिहिणाऱ्या टॉमस जेफर्सनला हा मार्ग पसंत नव्हता. पण विचार टिकून राहिला. फ्रेडरिक लिस्ट हा जर्मन १८२५ सालीं पेनसिल्व्हानियांत येऊन राहिला, तेथील संरक्षणवाद्यांत मिसळला, आणि १८४१ त स्वदेशीं जाऊन त्यानें राष्ट्रीय अर्थशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८९२ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांस सारखेच लागू पडत नाहींत, हें दाखवितांना त्यांनीं लिस्टचा आधार घेतला होता.

फ्रँकलिन १७ एप्रिल १७९० रोजीं, म्हणजे मॅडिसनच्या पराभवानंतर दोन महिन्यांच्या आंतच, वारला. मृत्युपत्राच्या पुरवणींत त्यानें बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांस प्रत्येकीं एक हजार पाउंड ठेवले होते. उमेदवारी पुरी केलेल्या, विवाहित, पंचवीस वर्षांखालील कारागिरांना त्यांतून पंधरा ते साठ पाउंडांपर्यंत कर्ज द्यावें. दोन जामीन घ्यावेत. व्याज शेंकडा पांच. दरसाल मुद्दलाचा दहावा भाग परत घ्यावा. आणि असें दोनशें वर्षें चालवावें. १७२३ च्या कर्जकचेरीचेंच हें लहान रूप, फक्त जमिनीच्या जागीं कारागिराचें कौशल्य आणि दोन शेजाऱ्यांचा शब्द. चक्रवाढीनें प्रत्येक शहराच्या निधींत अखेर चाळीस लाखांवर पाउंड जमतील असें गणित त्यानें मांडलें होतें. पुढें कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडली, कर्ज मागणारे कमी होत गेले, आणि रक्कम इतरत्र गुंतवावी लागली. १९९० सालीं मुदत संपली तेव्हां बोस्टनच्या निधींत सुमारें पंचेचाळीस लाख आणि फिलाडेल्फियाच्या निधींत सुमारें वीस लाख डॉलर होते; फिलाडेल्फियाच्या रकमेंतून कांहीं भाग धंदेशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला.